वरवंट्याने अडवलेलं दार

सुतारकामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचायला बऱ्या वाटतील, असं संपादकांनी सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की त्यांतली एकही आठवत नाही. आठवतं ते रत्नागिरीच्या झाडगावातलं एक जाळीचं दार, आणि तळपायाची आग मस्तकाला जाते. इतकी वर्षं मी त्या दारापायी मूग गिळून बसलो. आता ज्यांच्यासाठी गिळले ते राहिले नाहीत, तेव्हा संपादकांनी गमतीऐवजी हेच छापावं. यातली दुसऱ्यांची नावं मी बदलली आहेत. माझं बदललेलं नाही, कारण ज्याची बदनामी झाली त्याचंच नाव बदललं तर लिहून उपयोग काय?

आधी जाळीचं दार म्हणजे काय ते सांगतो. हल्ली सर्रास दिसतं, पण मी धंद्यात पडलो तेव्हा रत्नागिरीत साहेबलोकांच्या बंगल्यांनाच असायचं. घराचं मूळ दार आत उघडतं. त्याच चौकटीला बाहेरच्या अंगाने दुसरं हलकं दार बसवायचं, त्याच्या चौकोनात लाकडी फळीऐवजी बारीक तारेची जाळी. वारा येतो, उजेड येतो, डास येत नाही. आमच्याकडे जाळी पितळीच हवी. लोखंडी घातली तर खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत तिचा गंज होतो आणि बोट लावलं तरी भोक पडतं.

ऐकायला सोपं वाटतं. खरी मारामारी मापाची. कोकणातल्या घराची एकही चौकट काटकोनात नसते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. जांभ्याच्या भिंती बसतात, फणसाचं लाकूड पाणी पितं आणि चौकट कुठेतरी कलते. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं माप, आणि दुसऱ्या कोपऱ्यातूनही. दोन्ही तिरकी मापं सारखी आली नाहीत तर समजायचं की चौकट वाकडी आहे, आणि दारही तेवढंच वाकडं करायचं, म्हणजे ते सरळ दिसतं. वैशाखात माप घेतलं तर पावसाळ्याच्या फुगीसाठी जागा सोडावी लागते. आषाढात घेतलं तर ती सोडायची नाही, नाहीतर दिवाळीपर्यंत सूतभर फट पडते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डासाला तेवढी वाट खूप झाली.

हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? केळशीच्या एका बागायतदारांनी मला सुंभाच्या दोरीला गाठी मारून दाराचं माप धाडलं होतं. एक गाठ उंचीची, एक रुंदीची. दोरी समुद्रातून येताना पडावात भिजली, उन्हात वाळली आणि माझ्या हाती येईपर्यंत चांगली आखडली. मी त्या मापाचं दार करून पाठवलं ते चौकटीतून बाहेर पडायला लागलं. गृहस्थ तावातावाने रत्नागिरीस आले. मी त्यांचीच दोरी त्यांच्यापुढे ताणून धरली. ते म्हणाले, "दोरी आमच्या आजोबांच्या वेळची आहे. ती कशी खोटं बोलेल?" म्हणजे दोरी खरी, चौकट खरी, आजोबा खरे, आणि सुतार तेवढा खोटा. घरात काही बिघडलं की हातोडी ज्याच्या हातात असते त्याच्याकडे आधी बोट जातं. त्या वेळी मी हसलो होतो.

आता झाडगावाकडे येतो. बापूसाहेब हे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. मोठं घर, मागे आगर, पलीकडे भातशेती आणि खाडीचं पाणी तुंबणारं खाजण. घरात बापूसाहेब, त्यांची पत्नी, जिला सगळी आळी काकू म्हणायची, सून इंदूवहिनी आणि तिचा लहानगा बाळू. मुलगा श्रीधर मुंबईला नोकरीत. बाळूला पावसाळा सरला की हिवताप धरायचा. श्रीधरपंतांना मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा ताप डासांचा आहे आणि डास चावतो तो दिवस कलल्यावर. त्यांनी मुंबईहून पितळी जाळीची गुंडाळी पाठवली आणि मला निरोप दिला की ओटीच्या दाराला आणि खिडक्यांना जाळी बसवायची, खर्चाला मागेपुढे बघायचं नाही.

माझ्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी ते दार सांगेन. साग वापरला तो माझ्याकडे बरीच वर्षं मुरत पडलेला. कोपऱ्यांचे सांधे असे बसले की नखही शिरेना. बिजागऱ्या लावताना वरचीत आणि खालचीत किंचित फरक ठेवला, म्हणजे दार सोडलं की आपल्याच भाराने हळूच मिटतं. माणूस विसरला तरी दार विसरत नाही. उंबऱ्यापाशी दार आणि लाकूड यांच्यामध्ये मी चिठोरं घालून पाहिलं, तेही सरकेना. बापूसाहेब चष्मा लावून सगळीकडून फिरले आणि म्हणाले, "ठीक आहे." शिरस्तेदारांच्या तोंडचं "ठीक आहे" म्हणजे मोठं बक्षीस, असं समजून मी घरी आलो.

तो पावसाळा गेला. आश्विनात बाळू तापाने गेला.

मला हे कळलं ते बाजारात. खिळे घ्यायला गेलो होतो. दुकानदार माझ्या ओळखीचा, गावाकडचा माणूस. तो खिळे तोलता तोलता खाली मान घालून म्हणाला, "सखारामा, मी आयकतंय तां खरा काय रे? तुझ्या दाराला फट ऱ्हायली नि त्यातसून डास जावन बाळू गेला म्हणतत."

"कोण म्हणतं?"

"बापूसाहेब. देवळात सगळ्यांसमोर बोलले."

मी खिळे तिथेच ठेवले. पोर गेल्याचं वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी रागही चढला होता. दोन्ही एकदम कसं होतं ते ज्याच्यावर आलं असेल त्यालाच कळेल. माझं दार आणि फट? घरी गेलो, मापाचा गज आणि किकरं, म्हणजे लहान पटाशी, घेतलं आणि तसाच झाडगावास निघालो.

बापूसाहेब घरी नव्हते. काकू ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. पोर गेल्यापासून त्यांच्या अंगावर हाडंच राहिली होती. मी म्हटलं, "काकू, दार बघायला आलोय." त्यांनी मान हलवली. मी दाराचा कोपरा न् कोपरा तपासला. जाळी ताणून पाहिली, पट्ट्या दाबून पाहिल्या, उंबऱ्यापाशी आडवा पडून एक डोळा मिटून पाहिलं. पावसाळाभर भिजूनही दार सुतात होतं. कुठे फट नव्हती. मी घाम पुसला आणि बापूसाहेब येईपर्यंत इथून हलायचं नाही असं ठरवून ओटीच्या कडेला बसलो.

तेवढ्यात तिन्हीसांज झाली. काकू उठल्या. आत जाऊन त्यांनी दिवा लावला, हळदकुंकवाची बोटं उंबऱ्याला लावली. मग माझं जाळीचं दार त्यांनी पूर्ण उघडलं, सोप्यातून पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि दाराच्या तळाशी टेकवून ठेवला. दार मिटायला बघत होतं, वरवंट्याला थटून थांबलं. मग त्या उंबऱ्याच्या आत दिव्यापाशी मांडी घालून बसल्या.

"काकू, हे काय?" मी विचारलं.

"अरे, लक्ष्मी यायची वेळ ही. आता का दार लावून बसायचं?" त्या म्हणाल्या. "मेलं दार तुझं सारखं मिटतं. म्हणून वरवंटा लावत्ये."

"रोज?"

"रोज हो. चांगला अंधार पडेपर्यंत. बाळू इथेच बसायचा, या मांडीवर. परवचा म्हणायचा." आणि त्या मांडीकडे बघत राहिल्या.

डासांचा थवा दिव्याभोवती घोंघावत होता. माझ्या डोक्यात सगळा उलगडा झाला आणि मी उभाच राहिलो. बाहेर काढायला तोंडात शब्द तयार होते. लक्ष्मीला मीही मानतो, तिन्हीसांजेला माझ्या घरीही कुणी दार लोटत नाही. पण अहो, जाळीतून वारा येतो, उदबत्तीचा वास बाहेर जातो, मग लक्ष्मीलाच तेवढं सताड दार कशाला लागतं? हे मी ओरडून बोलणार होतो. देवाशपथ सांगतो, बोलणार होतो.

माजघराच्या दारातून इंदूवहिनींचा आवाज आला. "सखारामभाऊ, जरा विहिरीवरचा रहाट बघता का? करकरतोय."

रहाटाला काही झालेलं नव्हतं. विहिरीशी आल्यावर वहिनी पाठमोऱ्याच बोलल्या. "तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं. आणि सगळ्या झाडगावाला ओरडून सांगणार आहे."

"सांगू नका."

"माझ्या नावाने बोंब मारलीय बापूसाहेबांनी. देवळात."

"मामंजींना ठाऊक आहे सगळं," वहिनी म्हणाल्या. "मी पावसाळ्यातच त्यांना म्हटलं होतं की या वेळेला दार उघडं नको. ते म्हणाले, घटकाभराने काय होतंय, तिची रीत आहे ती. मग बाळू गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, एवढं दार केलं, मग डास आले कुठून? मामंजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. आणि मग म्हणाले, सुताराने फट ठेवली."

 माझं डोकं ताळ्यावर नव्हतं.

"त्यांना कळलं ना की आपल्या मांडीवर बसवून आपणच..." वहिनींनी वाक्य पुरं केलं नाही. "त्या याच विहिरीत उडी घेतील, सखारामभाऊ. आधीच एक गेलंय या घरातून."

मग त्यांनी जे मागितलं ते ऐकून मी थक्क झालो. त्यांना पुन्हा दिवस गेले होते. त्या म्हणाल्या, "ते दार ओटीवरून काढून न्या. कापून लहान करा आणि बाळंतिणीच्या खोलीला बसवा. तिथे तिन्हीसांजेला सासूबाई स्वतःच दार लावतील. बाळंतिणीला वारा नको, बाहेरची बाधा नको, अशी त्यांचीच रीत आहे. ओटीवर उघडतील, तिथे लावतील."

"आणि काढून नेताना काय सांगू?"

"फट होती म्हणून सांगा."

"माझ्या तोंडाने?"

"तुमच्याच तोंडाने. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. त्या तुम्हाला विचारतीलच."

पोरवयाची बाई, आपलं मूल जाऊन महिना झाला नव्हता, आणि सासूचा जीव वाचवायला माझी अब्रू मागत होती. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू. पण तिने निदान तोंडावर येऊन मागितली.

मी ओटीवर आलो. काकूंनी खरंच विचारलं. "सखाराम, खरं सांग हो. फट होती का रे?"

मी वरवंट्याकडे बघितलं. "होती, काकू."

"कुठे?"

"खाली. उंबऱ्यापाशी."

काकू उठल्या. त्यांनी मला काय काय म्हटलं ते सगळं इथे लिहीत नाही. माझे हात झडतील म्हणाल्या, माझ्या घरात पाळणा हलणार नाही म्हणाल्या. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. मी खाली मान घालून दाराचे स्क्रू काढत होतो. वरवंटा मीच बाजूला ठेवला. मग दार डोक्यावर घेतलं आणि अख्ख्या झाडगावातून, लोकांच्या नजरांतून चालत घरी आलो. काकूंच्या शिव्यांचा मला राग नाही. रडणाऱ्या बाईने कुणालातरी शिव्या दिल्याच पाहिजेत.

मला राग आहे तो बापूसाहेबांचा, आणि तो अजून तस्साच आहे. माझ्या पडवीत येऊन ते एवढंच बोलले असते की सखाराम, माझ्या बायकोच्या जिवासाठी तुझं नाव वापरतो, तर मी हो म्हटलं असतं. शंभर वेळा म्हटलं असतं. पण विचारायचं कुणाला? सुताराला? परक्याच्या पडवीतून न विचारता फळी उचलावी तसं त्यांनी माझं नाव उचललं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि संन्याशाला सुळी कशासाठी हेही सांगायचं नाही, असा तो कायदा. कोर्टात उभी हयात काढलेल्या माणसाचा.

मी ते दार कापलं. स्वतःचं चांगलं काम करवतीखाली घालताना काय वाटतं ते दुसऱ्या सुतारालाच कळेल. खोलीची चौकट बसकी होती. सांधे पुन्हा धरले, जाळी पुन्हा ताणली. बसवायला गेलो तेव्हा बापूसाहेब माझ्या डोक्यावर उभे राहिले आणि आत काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या वेळी तरी नीट बसव रे सखाराम."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. हातातलं किकरं मी खाली ठेवलं ते बरं केलं.

वहिनींना मुलगी झाली. काकू रोज ओटीवर दिवा लावायच्या आधी न चुकता खोलीचं जाळीचं दार लोटून घ्यायच्या. पुढे मुलगी चालायला-बोलायला लागली तरी वहिनी तिला त्या वेळेला खोलीतच ठेवायच्या, परवचा जाळीआडून व्हायचा. मुलगी वाढली. तिला कधी ताप आलाच नाही असं नाही, पण जगली.

आणि मी झालो फट्या. फट्या सुतार. आधी बाजारात म्हणायला लागले, मग पोरं म्हणायला लागली, मग ज्यांना कारण ठाऊक नव्हतं तेही म्हणायला लागले. जाळीच्या दारांची कामं रत्नागिरीत वाढत होती, पण ती माझ्याकडे यायची नाहीत. वरच्या आळीतला एक सुतार लोखंडी जाळी ठोकून द्यायचा, ती वर्षात सडायची, पण गिऱ्हाईक त्याच्याकडे. मी बैलगाड्यांची चाकं आणि पाळणे करत बसलो. घरी मात्र खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही. एकाला सांगितलं की झाडगावात पोचायला उशीर लागत नाही.

पुष्कळ वर्षांनी काकू वारल्या, म्हातारपणाने, बिछान्यात. तेरावा झाल्यावर बापूसाहेबांचा निरोप आला की ओटीच्या दाराला नवीन जाळीचं दार करायचं आहे. जायचं नाही असं मनात होतं. पण ती चौकट मला बोलावत होती. गेलो, तीन ठिकाणी रुंदी घेतली, दोन्ही तिरकी मापं घेतली. चौकट आणखी कलली होती. तसंच कललेलं दार केलं आणि बसवलं, आणि ते आपल्या भाराने हळूच मिटलं.

काम संपता संपता तिन्हीसांज झाली. बापूसाहेब आतून दिवा घेऊन आले.  त्यांनी दिवा ओटीवर, जाळीच्या बाहेर ठेवला, हात जोडले आणि दार सोडून दिलं. ते मिटलं. मग त्यांनी रस्त्यावर कुणी आहे का ते आधी बघितलं, आणि हळूच म्हणाले, "सखाराम, दार चांगलं होतं हो तुझं. पहिलंसुद्धा."

इतक्या वर्षांनी, रस्त्यावर कुणी नाही याची खात्री करून.

मी हत्यारं गोळा केली. म्हटलं, "बापूसाहेब, हे बाजारात येऊन सांगा."

"आता काय उपयोग?" ते म्हणाले.

"मला आहे."

ते आत गेले. मी महिनाभर बाजारात जाताना झाडगावाच्या वाटेच्या कोपऱ्यावर, ते येतात का बघत, रेंगाळायचो, हेही कबूल करतो. ते आले नाहीत. पुढल्या वर्षी तेही गेले. घर आता बंद असतं, श्रीधरपंतांनी बिऱ्हाड मुंबईला नेलं. वहिनी मे महिन्यात येतात तेव्हा भेटतात. या वेळी मी त्यांना विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा, सखारामभाऊ. माझं मागणं आता फिटलं."

तेव्हा बाजारातल्या सगळ्यांना, ज्यांनी मला फट्या म्हटलं त्यांना, ज्यांच्या बापांनी म्हटलं त्यांनाही, मी हे लिहून सांगतो. त्या दाराला फट नव्हती.